श्वासातले धातूचे नॅनोकण आणि डीएनएची रोजची दुरुस्ती

आपण इथे साधारण तासभर बसणार आहोत आणि तेवढ्या वेळात तुमच्या शरीरातल्या एकेका पेशीतल्या डीएनएला चारशेच्या आसपास जखमा होतील. यात धूर, धातू, प्रदूषण कशाचाही संबंध नाही, माणूस नुसता शांत बसून राहिला तरी हे होतच असतं. पेशी अन्नापासून ऊर्जा काढते तेव्हा ऑक्सिजनची काही आक्रमक रूपं सुटतात, शिवाय पेशीतलं पाणी आणि अंगातली ऊब यांनीही डीएनए हळूहळू झिजतच असतो, आणि हा सगळा हिशोब मांडला तर एका पेशीत दिवसाला दहा हजारांच्या घरात, काही अंदाजांप्रमाणे त्याहूनही बऱ्याच जास्त ठिकाणी मोडतोड होते. तरी आपण धडधाकट राहतो कारण पेशीत दुरुस्तीचे एन्झाइम्स चोवीस तास कामावर असतात. ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

विषय धातूच्या नॅनोकणांचा आणि मी सुरुवात इथून केली, याला कारण आहे. आपल्या डोक्यात चित्र काय असतं, की बारीक कण सुईसारखा आत घुसला, डीएनएला टोचला, डीएनए तुटला आणि कॅन्सर झाला. असं थेट टोचणं होऊ शकतं, त्यावर येतो मी पुढे. पण एवढी वर्षं हा विषय वाचताना, शिकवताना आणि थोडाफार लॅबमध्ये हाताने करताना मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटत आलीय ते वेगळंच आहे. धातूचे कण जखमा वाढवतात, आणि त्याच वेळी दुरुस्ती करणाऱ्यांचे हातही बांधून ठेवतात. दोन्ही एकदम. आज मला मुख्य हेच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला येईल.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि साधारण १ ते १०० नॅनोमीटरमधल्या कणाला आपण नॅनोकण म्हणतो. डीएनएच्या पिळाची रुंदी आहे २ नॅनोमीटर, म्हणजे २० नॅनोमीटरचा निकेलचा कण डीएनएच्या फक्त दहापट रुंद. आपला केस याच मापात ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जातो. आणि हे कण मुद्दाम कुठे बनवायला लागतात असंही नाही. वेल्डिंग करताना धातू इतका तापतो की त्याची वाफ होते, ती वाफ हवेत येताच थंड होते आणि तिचे काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटरचे गोळे तयार होतात, मग ते एकमेकांना चिकटून माळांसारखे तरंगत राहतात. धातू कापणं, ग्राइंडिंग, थर्मल स्प्रे, गाडीचे ब्रेक घासणं, ई-सिगारेटची तापलेली कॉइल, मेटलचं थ्रीडी प्रिंटिंग, कॅटॅलिस्ट आणि बॅटरीसाठी बनवलेल्या पावडरी, सगळीकडे कमीअधिक प्रमाणात हेच चालू असतं.

आता हा कण नाकातून आत गेला. मोठी धूळ नाकात, घशात अडकते, वळणावर आपटते आणि शिंकेतून कफातून बाहेर पडते, हे आपल्याला माहीत आहे. पाव-अर्धा मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) कण तर बरेचसे आत जाऊन तसेच उच्छ्वासातून परत येतात. त्याहून बारीक झाले की खेळ बदलतो, कारण एवढ्या बारीक कणाला हवेचे रेणू सगळीकडून धक्के मारत असतात आणि तो वेडावाकडा भरकटत भरकटत भिंतीला लागतो. साधारण २० नॅनोमीटरचे कण श्वासाबरोबर घेतले तर त्यातले जवळपास निम्मे थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशात जाऊन बसतात. अगदीच बारीक, म्हणजे एखाद्या नॅनोमीटरचे, उलट नाकातच अडकतात. म्हणजे जितका बारीक तितका खोल असं सरळ गणित नाहीये, मधला एक पट्टा आहे आणि वेल्डिंगच्या धुरातले कितीतरी कण नेमके त्या पट्ट्यात पडतात.

वायुकोश म्हणजे काय जागा आहे ते थोडं डोळ्यासमोर आणा. फुप्फुसात असे कोश जवळपास ४८ कोटी, सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर भरतील, आणि हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. ती पातळ असायलाच हवी, नाहीतर ऑक्सिजन पलीकडे जाणार कसा. पण तीच गोष्ट कणांच्याही सोयीची होते. २०१७ साली एडिंबरामधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासातून दिले (सोनं निवडलं कारण ते शरीरात काही करत नाही आणि शोधायला सोपं), तर पंधरा मिनिटांत ते काहींच्या रक्तात सापडले आणि तीन महिन्यांनंतरही लघवीत सापडत होते. मला त्यातलं तीन महिने फार महत्त्वाचं वाटतं. एकदा घेतलेला श्वास तिथल्या तिथे संपत नाही.

वरच्या श्वासनलिकांना केसाळ अस्तर असतं, ते कफ सतत वर ढकलत राहतं. वायुकोशात ती सोय नाही. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी फिरत असतात, त्या कण गिळतात आणि हळूहळू वर घेऊन येतात. एक-दोन मायक्रॉनचा कण त्या पटकन ओळखतात पण सुटे नॅनोकण त्यांच्या तेवढे नजरेत येत नाहीत, बरेचसे चुकून राहतात आणि शेजारच्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरतात. जे विरघळत नाहीत अशा कणांची वायुकोशातून निम्मी सफाई व्हायला माणसात शेकडो दिवस लागतात.

वजन आणि पृष्ठभाग, इथे थोडं थांबायला हवं, कारण मला वाटतं या सगळ्या विषयातली निम्मी गफलत इथेच होते. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरला तर वजन तेवढंच, पृष्ठभाग ६०० चौरस मीटर. रासायनिक क्रिया जी काही होते ती पृष्ठभागावर होते, आत दडलेला अणू काहीच करत नसतो. आणि आपण हवा मोजतो ती वजनात, इतके मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. अडीच मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात २५ नॅनोमीटरचे दहा लाख कण बसतात, म्हणजे वजनाचा काटा ज्याला एक म्हणतो ते फुप्फुसाला दहा लाख ठिकाणी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या हवेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अतिसूक्ष्म कणांसाठी पक्की मर्यादा दिली नाही, पण वजनाऐवजी संख्या मोजा असं स्पष्ट सांगितलं, घनसेंटिमीटरमध्ये चोवीस तासांच्या सरासरीने एक हजारापेक्षा कमी कण म्हणजे कमी, आणि दहा हजारांच्या वर म्हणजे जास्त. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तर २०११ मध्येच टायटॅनियम डायऑक्साईडसाठी दोन वेगळे आकडे सुचवले होते, साध्या बारीक पावडरीला २.४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आणि अतिसूक्ष्मला ०.३. पदार्थ तोच, फक्त दाणा लहान झाला म्हणून मर्यादा आठपट कडक.

बरं, आता पेशीच्या आत जाऊ. कण आत गेला की पेशी त्याला एका पिशवीत भरते आणि ती पिशवी लायसोसोमकडे नेते, लायसोसोम म्हणजे पेशीचं पोट समजा, आतलं पीएच ४.५ ते ५, चांगलं आंबट. आता झिंक ऑक्साईड, कॉपर ऑक्साईड, कोबाल्ट, निकेल हे या आंबटपणात विरघळायला लागतात. गंमत अशी की याच धातूचे आयन बाहेरून मोकळे आले असते तर पेशीच्या पडद्यावर बऱ्यापैकी अडले असते, पडदा किती आत घ्यायचं ते ठरवतो. पण कणाच्या रूपात पेशीने स्वतःच्या हाताने एक गठ्ठा आत नेला आणि तो गठ्ठा आत जाऊन फुटला. संशोधक याला ट्रोजन हॉर्स म्हणतात, लाकडी घोड्यात लपून शहरात शिरलेल्या सैनिकांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल.

मोकळा झालेला धातू काय करतो? लोखंड आणि तांबं यांची एक जुनी खोड आहे, १८९४ मध्ये हेन्री फेंटनने ती लोखंडात नोंदवली. हायड्रोजन पेरॉक्साईडशी गाठ पडली की हे धातू त्याचं रूपांतर हायड्रॉक्सिल रॅडिकलमध्ये करतात, आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे जे समोर येईल त्याला चावणारा रेणू. तो इतका आक्रमक आहे की नॅनोसेकंदांत संपतो, काही नॅनोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. मग तो केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोचतो कसा? मला स्वतःला हे समजायला वेळ लागला होता म्हणून जरा सावकाश सांगतो. तो पोचत नाहीच. पोचतो तो हायड्रोजन पेरॉक्साईड, जो स्वभावाने शांत, पडदे ओलांडत निवांत केंद्रकात जातो, आणि तिथे डीएनएला आधीच चिकटून बसलेला लोखंडाचा किंवा तांब्याचा आयन त्याला भेटतो. स्फोट तिथे होतो, डीएनएच्या अंगावर. म्हणून कण केंद्रकाच्या बाहेर राहिला तरी जखम आत होऊ शकते.

या जखमांत सगळ्यात जास्त मोजली जाणारी म्हणजे ८-ऑक्सोग्वानिन. डीएनएच्या चार अक्षरांत ग्वानिन सगळ्यात लवकर ऑक्सिडाइझ होतं. एरवी ग्वानिनची जोडी सायटोसिनशी, पण ऑक्सिडाइझ झालेलं ग्वानिन ॲडेनिनशीही जोडी जमवतं, पेशी विभागताना कॉपी करणारं यंत्र फसतं आणि पुढच्या पिढीत जी (ग्वानिन) च्या जागी टी (थायमिन) येऊन बसतो. एका अक्षराची चूक. आता ती चूक ज्या जागी कोणाला फरक पडत नाही तिथे झाली तर काही नाही, पण पेशीने वाढायचं कधी थांबायचं कधी हे सांगणाऱ्या जीनमध्ये झाली तर पुढे त्रास होऊ शकतो. एरवी ओजीजी-१ नावाचं एन्झाइम हे बिघडलेलं अक्षर शोधून कापून काढतं, दुसरे एन्झाइम्स तिथे बरोबर अक्षर भरतात, तिसरं टाका घालतं. मी सुरुवातीला म्हटलेल्या चारशे जखमा अशाच मिटतात.

आणि आता त्या दुरुस्तीवाल्यांबद्दल. दुरुस्तीच्या कितीतरी प्रथिनांमध्ये जस्ताचा एक अणू असतो, चार बाजूंनी पकडलेला, त्यामुळे प्रथिनाला बोटासारखा आकार येतो आणि ते डीएनएला नीट धरू शकतं. याला झिंक फिंगर म्हणतात. एक्सपीए नावाचं प्रथिन आहे, पार्प-१ आहे, दोघांनाही ही बोटं लागतात. कॅडमियम, निकेल, कोबाल्ट हे धातू त्या जस्ताला बाजूला सारून स्वतः तिथे बसू शकतात किंवा पकड बिघडवतात. बाहेरून बघाल तर प्रथिन आहे, हजर आहे, पण त्याचं बोट वाकलंय, काम होत नाही. म्हणजे जखमा तेवढ्याच असल्या तरी साचत जातात.

निकेलचं कोडं यातूनच सुटतं असं मला वाटतं. बॅक्टेरियावर करतात त्या नेहमीच्या म्युटेशन टेस्टमध्ये निकेल फारसं काही दाखवत नाही, जवळपास निर्दोष दिसतं. आणि तरीही माणसांमधला पुरावा इतका ठसठशीत आहे की निकेलची संयुगं आयएआरसीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या, पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध. वेल्समधल्या क्लायडाख इथे १९०२ पासून निकेल शुद्ध करण्याचा कारखाना चालू झाला, आणि तिथल्या सुरुवातीच्या दशकांतल्या कामगारांमध्ये नाकाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर इतक्या प्रमाणात दिसला की तो नजरेआड करणं शक्य नव्हतं. नाकाच्या पोकळीचा कॅन्सर हा एरवी किती दुर्मिळ असतो, आणि एका कारखान्यात तो पुन्हा पुन्हा. निकेल स्वतः फारशी जखम करत नसेल पण दुरुस्ती थांबवत असेल, शिवाय कोणते जीन चालू कोणते बंद ठेवायचे त्या खुणाही बदलत असेल, तर बॅक्टेरियाच्या टेस्टमध्ये ते दिसणार कुठून, टेस्ट वेगळंच काहीतरी शोधत असते. आणि निकेलच्या बाबतीत न विरघळणारा बारीक कण हा विरघळलेल्या क्षारापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण पेशी कण गिळते आणि मग केंद्रकाच्या शेजारी निकेल महिनोन् महिने झिरपत राहतं.

तिसरा मार्ग सूजेचा. मॅक्रोफेजने कण गिळला, पचला नाही, तो चिडतो, मदतीला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बोलावतो आणि हे सगळे मिळून जंतू मारायला ठेवलेली तीच ऑक्सिजनची रूपं सोडत बसतात. शेजारच्या निरपराध पेशींचा डीएनए त्यात सापडतो. एक-दोन दिवसांची सूज असेल तर निभावून जातं, कण वर्षभर तिथेच असेल तर सूजही वर्षभर. याला दुय्यम जीनोटॉक्सिसिटी म्हणतात (जीनोटॉक्सिसिटी म्हणजे डीएनएला होणारी इजा), नाव दुय्यम असलं तरी न विरघळणाऱ्या कणांसाठी बहुधा हाच मुख्य रस्ता आहे. आणि थेट टोचण्याचं म्हणाल तर केंद्रकाच्या दारातून आपसूक जेमतेम नऊ-दहा नॅनोमीटरपर्यंतचं काही जाऊ शकतं, त्याहून मोठ्याला आत नेणारं कोणी लागतं. पण पेशी विभागताना केंद्रकाची भिंतच विरघळते, तेव्हा कण गुणसूत्रांच्या आसपास पोचू शकतात, गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्यांत अडथळा आणू शकतात आणि मग एखादा तुकडा मागे राहून त्याचं वेगळंच छोटं केंद्रक तयार होतं, मायक्रोन्यूक्लियस. मायक्रोस्कोपखाली ते बघायला मिळतं.

मायक्रोस्कोपवरून आठवलं, कॉमेट टेस्टबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पेशी जेलमध्ये बसवायच्या, त्यांची आवरणं विरघळवून टाकायची, विजेचा प्रवाह सोडायचा. अखंड डीएनए जागेवर गोळा होऊन बसतो, तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर सरकतात आणि रंग टाकून पाहिलं की अंधारात एक चमकतं डोकं आणि मागे शेपूट, हुबेहूब धूमकेतू. मी पहिल्यांदा तांब्याच्या कणांमध्ये ठेवलेल्या पेशींची स्लाइड लावली तेव्हा डोकी जवळजवळ दिसतच नव्हती, सगळी शेपटंच, आणि शेजारच्या स्लाइडवर न हात लावलेल्या पेशी, गोल, शांत. खूप वेळ मी तिथून उठलोच नाही. आकडे आधी वाचलेले होते पण ते डोळ्यांनी बघणं वेगळं.

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या गटाने २००८ मध्ये फुप्फुसाच्या ए५४९ पेशींवर वेगवेगळे धातूंचे ऑक्साईड शेजारी शेजारी ठेवून पाहिले, त्यात कॉपर ऑक्साईड सगळ्यात वाईट निघालं, पेशी मरण्यातही आणि डीएनए तुटण्यातही. आयर्न ऑक्साईडचं फारसं काही दिसलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नॅनो आणि मायक्रो अशी तुलना केली, तांब्याचे नॅनोकण मोठ्या कणांपेक्षा कितीतरी जास्त विषारी, पण टायटॅनियम डायऑक्साईडच्या बाबतीत उलट, मोठ्या कणांनी डीएनए जास्त तोडला. म्हणून नॅनो म्हणजे वाईट असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुठला धातू, विरघळतो की नाही, पृष्ठभागावर काय आहे, किती दिवस राहतो, हे विचारल्याशिवाय काही बोलता येत नाही.

ब्रिस्टलमधून २००९ मध्ये आलेला एक प्रयोग मला अजून अस्वस्थ करतो. त्यांनी पेशींचा एक पडदा तयार केला (तो वारेच्या म्हणजे प्लॅसेंटाच्या पेशींचा होता, फुप्फुसाचा नाही, हे लक्षात ठेवा), एका बाजूला कोबाल्ट-क्रोमियमचे ३० नॅनोमीटरच्या आसपासचे कण ठेवले आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पेशी. पलीकडच्या पेशींच्या डीएनएला इजा झाली, आणि कण पडदा ओलांडून गेलेच नव्हते. पडद्यातल्या पेशींनी एकमेकींना संकेत दिले, ते संकेत पलीकडे पोचले आणि इजा झाली. कण कुठे आहे एवढं शोधून पुरत नाही असा याचा अर्थ होतो.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच जोरात सांगायला हवी, कारण शीर्षकांमध्ये "होऊ शकतं" मधला "शकतं" गळून जातो. लॅबमध्ये पेशींवर आपण एकदम एवढा डोस ओततो की तेवढा खऱ्या फुप्फुसात जमायला प्रचंड काळ लागेल. ए५४९ या मुळात कॅन्सरच्याच पेशी आहेत. कॉमेट टेस्टमध्ये आवरण विरघळवल्यावर आधी बाहेर असलेले कण उघड्या डीएनएला भिडतात आणि जी इजा जिवंत पेशीत झालीच नव्हती ती टेस्टच्या भांड्यात होऊ शकते. उंदरांच्या, खरं म्हणजे रॅट्सच्या अभ्यासात टायटॅनियम डायऑक्साईडने फुप्फुसात गाठी झाल्या, पण रॅट्सचं फुप्फुस धुळीने तुंबतं तेव्हा ते ज्या तऱ्हेने वागतं तसं इतर प्राण्यांत दिसत नाही. आयएआरसीने २००६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साईडला २बी म्हणजे "शक्य आहे" या गटात ठेवलं, त्यामागे हेच प्राण्यांमधले अभ्यास आहेत. तयार नॅनो पावडरींचा माणसांवर तीस-चाळीस वर्षं पाहिलेला पुरावा आज नाही, कारण त्या पावडरी मोठ्या प्रमाणावर वापरात येऊनच तेवढी वर्षं झालेली नाहीत. चेक प्रजासत्ताकात टायटॅनियम डायऑक्साईड बनवणाऱ्या कामगारांच्या उच्छ्वासातलं पाणी गोळा करून तपासलं तर त्यात डीएनए ऑक्सिडाइझ झाल्याच्या खुणा इतरांपेक्षा जास्त सापडल्या. खूण म्हणजे आजार नव्हे. पण आजाराची वाट बघून मग मोजायचं ठरवलं तर त्या लोकांना आपण काय सांगणार?

वेल्डिंगबद्दल मात्र वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. २०१७ मध्ये आयएआरसीने वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, फुप्फुसाच्या कॅन्सरचा पुरेसा पुरावा. स्टेनलेस स्टीलच्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम आणि निकेल असतं, पण साध्या स्टीलचा धूरही त्या निर्णयातून सुटलेला नाही. वेल्डर लोकांना मेटल फ्यूम फीव्हर माहीत असतो, गॅल्व्हनाइझ्ड पत्र्यावर काम केलं की झिंक ऑक्साईडच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरं. आठवडाभर रोज धूर घेतला की शरीर सरावतं, सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा ताप येतो म्हणून त्याला सोमवारचा ताप असंही म्हणतात. त्रास असा की ताप उतरला म्हणजे धूर निघून गेला असं माणूस धरून चालतो. डीएनएची इजा ताप आणत नाही, दुखत नाही, खोकला आणत नाही.

दोन केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, दोन्ही निकेलच्या. एक ३८ वर्षांचा माणूस मेटल आर्क पद्धतीने निकेल फवारत होता, तेरा दिवसांनी तो गेला, फुप्फुसं निकामी झाली, आणि त्याच्या मॅक्रोफेजमध्ये २५ नॅनोमीटरपेक्षा लहान निकेलचे कण सापडले. दुसरी एक तरुण केमिस्ट, उघड्या टेबलावर निकेलच्या नॅनो पावडरीचे एक-दोन ग्रॅम तोलायची, रोजचं काम. घसा खवखवणं, नाक चोंदणं सुरू झालं, आणि मग कानातल्यांनी आणि बेल्टच्या बकलने त्वचेवर पुरळ यायला लागलं, जे आधी कधी होत नव्हतं. तिच्या शरीराने निकेल ओळखायला शिकून घेतलं होतं. एक-दोन ग्रॅम, जेवढं एका चिमटीत येईल. या दोन्हींचा डीएनएशी थेट संबंध जोडू नका, मी त्या सांगतोय त्या एवढ्याचसाठी की "एवढीशी तर पावडर आहे" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आता तुमचे प्रश्न, चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, सगळ्या होणार नाहीत.

पहिली, कण एवढे बारीक तर मास्कमधून आरपार जात असतील ना? नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचंय. मास्क चाळणीसारखा काम करत नाही. भरकटणारा बारीक कण तंतूंच्या जंगलातून जाताना कुठल्या ना कुठल्या तंतूला लागतोच आणि चिकटतो, त्यामुळे चांगला एन-९५ मास्क नॅनोकणही बऱ्यापैकी अडवतो. आत येतात ते कडेच्या फटीतून. चेहऱ्याला नीट न बसलेला महाग मास्क काही कामाचा नाही, आणि कापडी रुमाल तर धातूच्या धुराला जवळपास मोकळाच रस्ता.

दुसरी, सनस्क्रीनमधल्या झिंक आणि टायटॅनियमचं काय? क्रीम धडधाकट त्वचेवर लावलं तर कण खोलवर जात नाहीत, त्याची काळजी करू नका. स्प्रे असेल तर प्रश्न वेगळा होतो कारण मग तो श्वासात येतो, युरोपियन कमिशनच्या वैज्ञानिक समितीने नॅनो टायटॅनियम डायऑक्साईड अशा स्प्रेमध्ये नको असं सांगितलेलं आहे.

तिसरी चिठ्ठी मी दोनदा वाचली. "माझे वडील बावीस वर्षं वेल्डिंग करतात. झालेलं नुकसान भरून येतं का?" बघा, धागे तुटण्याची जी इजा आहे ती पेशी काही तासांत, दिवसभरात बरीचशी जोडून टाकते, लॅबमध्ये कण काढून घेतले की कॉमेटची शेपटं परत आखूड होतात. जी अक्षरं कायमची बदलून गेली ती परत येत नाहीत. आणि आत बसलेले न विरघळणारे कण हळूहळूच निघणार, त्याला वर्षं लागतात, पण निघतात, फक्त नवीन भर थांबली पाहिजे. दुरुस्तीवाल्यांचे हात मोकळे व्हायलाही तेच लागतं. सिगारेट ओढत असतील तर ती आधी बंद, कारण तिच्या धुराने तो केसाळ झाडू लुळा पडतो आणि कॅडमियमही आत येतं. डॉक्टरांना बावीस वर्षांचं काम, कुठला धातू, बंद जागेत की उघड्यावर, हे सगळं नीट सांगा, खोकला आहे एवढंच सांगून येऊ नका. आणि कामाच्या जागी सक्शन असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते एकदा जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी ते वर छताला असतं, म्हणजे धूर आधी वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोरून जातो आणि मग वर पोचतो. ते खाली, वेल्डच्या बाजूला, हातभर अंतराच्या आत आणायचं, म्हणजे धूर आडवा ओढला जाईल. यातलं काही समजलं नाही किंवा तिथे कोणी ऐकत नसेल तर संपल्यावर मला भेटा, मी इथेच आहे, आपण कागदावर चित्र काढून बघू.